ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि सपोर्टची अपेक्षा : एक आढावा

जानेवारी २०२२ मध्ये स्वीडनमधले प्रोग्रामर डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीकडून ईमेल आला. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारे 'कर्ल' हे साधन ते १९९८ पासून सांभाळत आहेत. मोबाइल, मोटारी, टीव्ही, सर्व्हर अशा अब्जावधी यंत्रांत ते बसलेले आहे. ईमेलमध्ये एक प्रश्नावली होती : 'लॉगफोरजे' या सॉफ्टवेअर-घटकात नुकत्याच सापडलेल्या सुरक्षा-दोषाचा तुमच्या सॉफ्टवेअरवर परिणाम झाला आहे का, झाला असल्यास दुरुस्ती कधी मिळेल, वगैरे. उत्तरासाठी मुदत होती चोवीस तासांची. कर्ल सी भाषेत लिहिलेले आहे, लॉगफोरजे जावा भाषेत. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्या कंपनीशी स्टेनबर्ग यांचा कसलाही करार नव्हता. सपोर्टचा करार केलात तर सगळ्या प्रश्नांची आनंदाने उत्तरे देईन, असे त्यांनी कळवले आणि कंपनीचे नाव झाकून तो ईमेल जाहीर केला.

ईमेल पाठवणाऱ्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या कंपनीत सुरक्षेचा प्रश्न उभा राहिला की वापरातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराला पत्र जाते आणि त्याचे उत्तर फाइलला लागते. यादीत कर्लचे नाव असेल तर कर्लच्या कर्त्यालाही पत्र जाणार. फक्त यादी करणाऱ्याने ज्याला पुरवठादार मानले, त्याने काही पुरवण्याचे कधी कबूलच केलेले नव्हते. आज जगातल्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात ओपन सोर्सचा, म्हणजे कोड सगळ्यांना मोकळा असलेल्या सॉफ्टवेअरचा, मोठा वाटा आहे. हा गैरसमज म्हणूनच एका ईमेलपुरता राहत नाही. ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने मदतीची किती अपेक्षा ठेवावी, कोणाकडून ठेवावी, आणि ती अपेक्षा आधीच कशी ठरवून द्यावी, या प्रश्नावर गेली चार दशके जे बोलले, लिहिले आणि करून पाहिले गेले, त्याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : परवाना आणि बाजार

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती आली. सॉफ्टवेअर वापरण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे अधिकार हा परवाना देतो, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत बजावतो की या सॉफ्टवेअरला कोणतीही हमी नाही, ते आहे तसे घ्यावे आणि नुकसान झाल्यास कर्ता जबाबदार नाही. एमआयटी, बीएसडी, अपाचे या परवान्यांतही हाच आशय आहे. कायद्याच्या भाषेत पाहिले तर प्रश्न इथेच मिटतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायला हव्यात. पैसे देऊन घेतलेल्या बंदिस्त सॉफ्टवेअरचे करारनामेही हमी जवळपास याच शब्दांत नाकारतात. फरक असा की तिथे विक्रेत्याला पुढच्या वर्षी पुन्हा पैसे हवे असतात, त्यामुळे तो फोन उचलतो. दुसरे म्हणजे, जीपीएलने एक दार मुद्दाम उघडे ठेवले. मोबदला घेऊन हमी देण्याची मुभा परवान्यातच आहे. सॉफ्टवेअर मोकळे ठेवायचे आणि पोटापाण्याची सोय सेवेतून करायची, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

त्या दारातून पहिल्यांदा आत गेली ती १९८९ मध्ये स्थापन झालेली 'सिग्नस' ही कंपनी. जीएनयूची साधने सगळ्यांना मोकळी होतीच. सिग्नस ती ग्राहकाच्या यंत्रावर नीट चालवून द्यायची आणि दुरुस्तीची जबाबदारी घ्यायची. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'रेड हॅट'ने हीच कल्पना लिनक्ससाठी वापरली आणि १९९९ मध्ये सिग्नस विकत घेण्याचा करार केला. ग्राहक वार्षिक वर्गणी भरतो; बदल्यात त्याला वर्षानुवर्षे सुरक्षा-दुरुस्त्या आणि मदतीसाठी हक्काचा माणूस मिळतो. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना घेतली, तेव्हा सपोर्ट हा स्वतंत्र, मोठा व्यवसाय होऊ शकतो हे निर्विवाद ठरले.

दुसरीकडे बिनपैशाची मदतही भरभराटीला आली होती. त्या काळी वापरणारा बहुधा स्वतःच प्रोग्रामर असे. प्रश्न विचारणारा आज विचारी, उद्या दुसऱ्याला उत्तर देई. २००१ मध्ये एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी प्रश्न कसा विचारावा याचे एक लांबलचक मार्गदर्शन लिहिले. आधी स्वतः शोधा, मग नेमके विचारा, उत्तर देणाऱ्याच्या वेळेची कदर करा, असा त्याचा रोख. अनेकांना ते उपयोगी वाटले; नवख्याला दटावणारा सूर म्हणून त्यावर टीकाही झाली.

पुढच्या दशकात चित्र पालटले. २००८ मध्ये गिटहब आले आणि प्रत्येक प्रकल्पाला तक्रारी नोंदवण्याची एक खिडकी आपोआप मिळाली. खिडकी दिसली की रांग लागते. आत कोणी बसले आहे का, हे कोणी विचारत नाही. एनपीएमसारख्या पॅकेज व्यवस्थांमुळे एक आज्ञा दिली की शेकडो अनोळखी लोकांचे कोड यंत्रात येऊ लागले. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले आणि जगभरच्या नामांकित प्रकल्पांची कामे अडली. आपण या माणसावर अवलंबून आहोत, हे अडलेल्यांपैकी बहुतेकांना तोवर ठाऊकच नव्हते.

सपोर्ट या एका शब्दात काय काय येते

वादात बरेचदा दोन्ही पक्ष वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. त्यामुळे 'सपोर्ट' या मागणीत काय काय येते ते वेगळे करून पाहावे लागते.

पहिली मागणी वापरासंबंधीच्या शंकांची : हे कसे बसवायचे, हा पर्याय कुठे आहे. दुसरी बग दुरुस्तीची. तिसरी नव्या सुविधेची. चौथी जुन्या आवृत्तीत दुरुस्त्या करत राहण्याची. पाचवी अशी की नवी आवृत्ती आल्यावर आमचे चालू काम मोडू नये. सहावी सुरक्षा-दोषांची, जिथे उशीर झाला तर नुकसान तिसऱ्याचेच होते.

प्रत्येकीचा खर्च वेगळा आहे. शंकेचे उत्तर दुसरा वापरणाराही देऊ शकतो. नवी सुविधा मात्र एकदा घातली की मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, ती कायम सांभाळावी लागते. तिचा कोड कोणी फुकट लिहून दिला तरीही. जुन्या आवृत्तीत दुरुस्ती मागे नेणे हे कंटाळवाणे आणि जोखमीचे काम आहे. हौसेने ते कोणी करत नाही, म्हणून त्यासाठी जवळपास नेहमीच पैसे मोजावे लागतात. पाचवी मागणी अदृश्य आहे, कारण काहीही मोडले नाही तर त्यामागचे कष्ट कोणाला दिसत नाहीत.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका : ही भेट आहे. तिचे सर्वांत स्पष्ट प्रतिपादन क्लोजर भाषेचे कर्ते रिच हिकी यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये केले. कोड मोकळा केला म्हणून कर्ता वापरणाऱ्याचा ऋणी होत नाही. त्याचे लक्ष, वेळ, निर्णयातला वाटा यांवर कोणाचा हक्क निर्माण होत नाही, असे त्यांचे म्हणणे. अन्नछत्रात पानावर बसलेल्याला वाढप्याचे आभार मानता येतात, महिन्याचे पैसे भरलेल्या खानावळीतल्यासारखी भाजीबद्दल तक्रार करता येत नाही, हे या भूमिकेचे सार. तिचे बळ असे की ती परवान्याशी सुसंगत आहे आणि थकलेल्या मेंटेनरला 'नाही' म्हणण्याचे नैतिक बळ देते. तिच्यावरचा आक्षेप असा की ती सगळ्या प्रकल्पांना एकाच मापाने मोजते. सुट्टीत लिहून सहज टाकलेला कोड आणि मोठ्या कंपनीने आपल्या व्यवसायाच्या वाढीसाठी, जाहिरात करून पसरवलेला ओपन सोर्स प्रकल्प, या दोन्हींना सारखेच 'भेट' म्हणणे कठीण जाते.

दुसरी भूमिका : शब्द दिला नसला तरी वागण्यातून दिला जातो. प्रकल्पाचे देखणे संकेतस्थळ, 'प्रत्यक्ष कामात वापरण्यास सज्ज' असा दावा, नियमित येणाऱ्या आवृत्त्या यांतून लोक विश्वास ठेवतात आणि ठेवलेल्या विश्वासाची काही जबाबदारी येते. अनेक प्रकल्पांनी ती आपणहून घेतली. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाने १९९७ मध्ये वापरणाऱ्यांशी सामाजिक करार जाहीर केला आणि दोष लपवणार नाही असे त्यात लिहून दिले. लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवल्ड्स यांनी त्याच्या गाभ्यात एक नियम वर्षानुवर्षे काटेकोरपणे पाळला : गाभ्यातल्या बदलामुळे वापरणाऱ्याचा चालू प्रोग्राम मोडला तर चूक गाभ्याची. पायथन या प्रोग्रामिंग भाषेने आपल्या दुसऱ्या मालिकेची अखेर २०१५ ला ठरवली होती. लोकांना कोड बदलायला वेळ मिळावा म्हणून ती १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवली.

या भूमिकेला बळ देणारे उलट उदाहरण सेंटओएस या फुकट मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीचे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, असे जाहीर झाले होते. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ च्या अखेरीवर आणली गेली. कायद्याने कोणाचेही काही बुडाले नव्हते. तरीही जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये संतापाची लाट उसळली आणि काही महिन्यांत अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय उभे राहिले. कोणी पैसे दिले नसले तरी जाहीर तारखेवर लोक आपली कामे आखतात, हे त्यातून दिसले. या भूमिकेची मर्यादाही उघड आहे. वागण्यातून शब्द निर्माण होत असेल, तर जो जास्त चांगले काम करतो त्याच्याच गळ्यात जास्त जबाबदारी पडते.

तिसरी भूमिका : अपेक्षा असेल तर करार करा. एसक्यूलाइट हा डेटाबेस याचे नमुनेदार उदाहरण. डी. रिचर्ड हिप यांनी तो २००० मध्ये सुरू केला. कोड सार्वजनिक मालकीचा आहे, कोणीही वापरावा. बाहेरच्यांचा कोड मात्र सहसा घेतला जात नाही. खर्च भागतो तो सपोर्टच्या करारांतून आणि मोठ्या कंपन्यांच्या सदस्यत्वातून, आणि त्या बळावर २०५० पर्यंत देखभाल करण्याचा इरादा त्यांनी जाहीर केला आहे. या मार्गात कोण कोणाला काय देणे लागतो हे कागदावर असते. अडचण अशी की तो प्रत्येकाला जमत नाही. एकट्या मेंटेनरला करार, बिले, मुदती, परदेशी कर हे सगळे सांभाळायचे असते, आणि ज्याला फक्त प्रोग्राम लिहायचा होता त्याला दुकान चालवावे लागते. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागाला अशा एकट्या माणसाला पैसे कसे द्यायचे हेही बरेचदा कळत नाही. एप्रिल २०२४ मध्ये व्हिडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेग प्रकल्पाकडे मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्याने एक बग तातडीचा म्हणून नोंदवला. प्रकल्पाने सपोर्टचा करार सुचवला, तेव्हा कंपनीकडून एकदाच काही हजार डॉलर देऊ, असे उत्तर आले. पैशाची तयारी होती, पण दीर्घ मुदतीचे नाते जोडण्याची नव्हती, असे प्रकल्पाचे म्हणणे होते.

चौथी भूमिका : ही सार्वजनिक पायाभूत सोय आहे. नादिया एगबाल यांनी २०१६ मध्ये फोर्ड फाउंडेशनसाठी लिहिलेल्या अहवालात ओपन सोर्सची तुलना रस्ते आणि पुलांशी केली. सगळे वापरतात, देखभालीचा खर्च कोणाच्याच खात्यात पडत नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष असा की ही जबाबदारी एकट्यादुकट्यावर न टाकता समाजाने, शासनाने आणि नफा मिळवणाऱ्या उद्योगांनी उचलावी. जर्मनीने २०२२ मध्ये सॉवरिन टेक फंड स्थापन केला, तो याच विचाराने. बंगळुरूच्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'फ्लॉस/फंड' जाहीर करून वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचे ठरवले. शंका अशी घेतली जाते की निधी आला की हिशेब, अहवाल आणि नव्या अपेक्षाही येतात. आणि मदत कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्यांच्या नजरेला प्रसिद्ध प्रकल्पच आधी पडतात.

सुरक्षेचा अपवाद

या चारही भूमिकांची खरी कसोटी लागते ती सुरक्षेच्या प्रश्नावर. बग दुरुस्त झाला नाही तर वापरणाऱ्याची गैरसोय होते; सुरक्षा-दोष उघडा राहिला तर ज्याने ते सॉफ्टवेअर कधी पाहिलेही नाही अशा माणसाचे बँक खाते धोक्यात येते.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला, तेव्हा इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांचा मोठा भाग ज्यावर उभा होता, त्या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर मिळत होते. त्यानंतर गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक आदी कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली निधी उभारला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचा दोष आला. तो सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनच्या स्वयंसेवकांनी त्या एका महिन्यात चार दुरुस्त आवृत्त्या काढल्या. दोष ज्या सुविधेत होता ती मेंटेनरांना स्वतःलाच नकोशी होती. जुन्या वापरणाऱ्यांचे काम मोडू नये म्हणून ती ठेवली होती. पाचव्या प्रकारची अपेक्षा पाळताना सहाव्या प्रकारची धोक्यात आली, इतके हे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत.

'एक्सझेड' हे प्रकरण आणखी अस्वस्थ करणारे. फायली आटोपशीर करणारी ही ग्रंथिका (लायब्ररी) अनेक वर्षे एकच माणूस रिकाम्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी कामे रेंगाळतात म्हणून त्याच्यावर दबाव आणायला सुरुवात केली. हा बिनपगारी छंद आहे, प्रकृतीची साथ नाही, असे त्याने सांगूनही तगादा चालू राहिला. त्याच काळात मदतीला आलेल्या एकाला हळूहळू अधिकार मिळाले, आणि त्याने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट बसवली. सर्व्हरवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली आणि २९ मार्च २०२४ ला त्यांनी ती जाहीर केली. अपेक्षांचा दबाव हेच हल्ल्याचे हत्यार होऊ शकते, हे इथे सिद्ध झाले. सपोर्टचा प्रश्न शिष्टाचाराचा आहे असे मानणाऱ्यांनाही त्यानंतर फेरविचार करावा लागला.

जून २०२५ मध्ये लिबएक्सएमएल२ या ग्रंथिकेच्या मेंटेनरने वेगळा पवित्रा घेतला. सुरक्षा-दोष यापुढे इतर बगांसारखेच उघडपणे नोंदवले जातील, गुप्ततेच्या मुदती पाळल्या जाणार नाहीत, आणि वेळ मिळेल तेव्हा दुरुस्ती होईल. बड्या कंपन्यांच्या उत्पादनांत ही ग्रंथिका आहे. दर आठवड्याचे कित्येक तास मात्र एका बिनपगारी माणसाचे जात होते, हे त्यामागचे कारण. काहींना हे बेजबाबदार वाटले, काहींना अखेर कोणीतरी स्पष्ट बोलले असे वाटले.

कायद्याने या प्रश्नात ठोस पाऊल टाकले ते युरोपात. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. त्यातली बहुतेक बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. डिजिटल उत्पादन बाजारात विकणाऱ्याने साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या द्यायच्या, आत वापरलेल्या ओपन सोर्स घटकांची खातरजमा स्वतः करायची, आणि घटकात दोष आढळला तर मेंटेनरला कळवायचा. व्यवसाय म्हणून न करणारा कर्ता या बंधनांतून वगळला आहे. प्रकल्पांना आधार देणाऱ्या संस्थांसाठी हलक्या जबाबदारीचा वेगळा वर्ग केला आहे. मसुद्याच्या काळात ओपन सोर्स संस्थांनी जोरदार हरकती घेतल्या होत्या, त्यातून हे अपवाद आले. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. आपण कोणाच्या कोडवर उभे आहोत हे तरी कळावे, ही त्यातली पहिली पायरी.

अपेक्षा लिहून ठेवण्याचे मार्ग

तत्त्वाचा वाद चालू असताना प्रकल्पांनी व्यवहारात काही पद्धती रुळवल्या आहेत.

सर्वांत परिणामकारक ठरली ती तारीख. उबुंटूने २००६ मध्ये दीर्घ मुदतीची पहिली आवृत्ती काढली आणि कोणती आवृत्ती कधीपर्यंत सांभाळली जाईल हे आधीच सांगण्याचा प्रघात रूढ झाला. पायथनची प्रत्येक आवृत्ती आता पाच वर्षे सांभाळली जाते. सुरुवातीला सर्व दुरुस्त्या, नंतर फक्त सुरक्षेच्या. मुदती नेहमी वाढतातच असे नाही. लिनक्सच्या गाभ्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या २०१७ पासून सहा वर्षे सांभाळल्या जाऊ लागल्या होत्या. २०२३ मध्ये ती मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे ठरले, कारण काम करणारी माणसे थकली होती आणि इतक्या जुन्या आवृत्त्या वापरणारे थोडेच होते. पेलणार नाही ते वचन मागे घेणे आणि तसे उघडपणे सांगणे, हाही अपेक्षा ठरवण्याचाच भाग.

दुसरा मार्ग खिडक्या वेगळ्या करण्याचा. शंका चर्चेच्या जागी, बग तक्रारीच्या जागी, सुरक्षा-दोष खासगी पत्त्यावर; प्रत्येकाची माहिती एका छोट्या फाइलमध्ये. तक्रार नोंदवताना आवृत्ती, यंत्रणा, चूक पुन्हा घडवण्याची रीत, हे रकाने भरायला लावले की निम्मे काम नोंदवणाराच करतो. तिसरा मार्ग प्रकल्पाची अवस्था सांगण्याचा : सक्रिय, फक्त दुरुस्त्या, थांबलेला, नवा सांभाळणारा हवा. बरेच महिने हालचाल नसलेली तक्रार आपोआप बंद करणाऱ्या बॉटबद्दल मात्र एकमत नाही. मेंटेनरला यादी आटोक्यात ठेवायची असते. खपून तक्रार लिहिलेल्याला यंत्राने दार लावल्यासारखे वाटते.

आपल्याकडचे चित्र

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत हा प्रश्न ग्रंथालयातून शिरला. नॅक या संस्थेच्या महाविद्यालय-मूल्यांकनात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाबद्दल विचारणा होते आणि परवान्याचे पैसे लागत नाहीत म्हणून अनेक ठिकाणी 'कोहा' हे ग्रंथालयाचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर निवडले जाते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हे सॉफ्टवेअर जानेवारी २००० मध्ये तिथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात प्रथम चालू झाले. दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये त्याची नवी आवृत्ती येते, आणि जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांची नावे कोहाचा समुदाय दर फेरीला ठरवतो. पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्यांची देशवार यादीही प्रकल्पच देतो. अपेक्षा कशी मांडावी याचा हा चांगला नमुना आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते एका साध्या अडचणीतून पाहता येईल. ग्रंथपालाने हजारो मराठी पुस्तकांच्या नोंदी भरल्या, आणि शोधपेटीत देवनागरीत शीर्षक टाकले तर पुस्तक सापडत नाही. नोंदीत चूक नसते. कोहाच्या पोटातले 'झेब्रा' हे शोधयंत्र बसवताना लॅटिन अक्षरांच्या पद्धतीवर राहिलेले असते. ते देवनागरीही हाताळणाऱ्या 'आयसीयू' पद्धतीवर नेऊन सगळी सूची नव्याने बांधली की काम होते. जाणकाराला हे थोड्या वेळाचे काम. पण ग्रंथपालाला लिनक्सची आज्ञावली येत नाही, ज्याने कोहा बसवून दिले तो निघून गेलेला असतो, आणि प्रश्न इंग्रजीत नेमका मांडायचा तर 'झेब्रा' हे नाव आधी ठाऊक हवे. हा बग नाही, नव्या सुविधेची मागणीही नाही. कोहाच्या मेंटेनरांकडे यात मागण्यासारखे काही नाही. इथे गरज आहे जवळच्या, आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस अंदाजपत्रकात कुठेच नसतो. संगणक, झेरॉक्स यंत्र आणि लिफ्ट यांच्या एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, तरतूद होते. 'फुकट' सॉफ्टवेअरच्या एएमसीचा प्रस्ताव ठेवला की फुकट आहे तर पैसे कशाचे, असा प्रश्न येतो.

याच राज्यात दुसरे उदाहरणही आहे. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे लहान-मध्यम उद्योगांसाठीचे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोकळे ठेवले आहे आणि उत्पन्न मिळवले आहे ते होस्टिंग आणि सपोर्टमधून. जीएसटीचा नियम बदलला की विवरणपत्राच्या तारखेआधी दुरुस्ती हवी, ही उद्योजकाची अपेक्षा रास्त आहे. ती पुरी करायला पगारी माणसे लागतात, हेही तितकेच खरे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. निविदांमध्ये मात्र परवान्याच्या किमतीकडे जेवढे लक्ष जाते तेवढे देखभालीच्या खर्चाकडे जात नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न खोलवरच्या थरांचा. वापरणारा ज्याचे नाव घेतो त्या सॉफ्टवेअरखाली शेकडो लहान ग्रंथिका असतात. करार, देणगी, कौतुक हे सगळे वरच्या थराला मिळते. एक्सझेडसारखे प्रकल्प खालच्या थरात असतात. तिथवर पैसा आणि माणसे पोहोचवणारी खात्रीची वाट अजून सापडलेली नाही.

दुसरा प्रश्न यंत्रनिर्मित तक्रारींचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लिहिलेले, वरवर खरे वाटणारे पण पोकळ सुरक्षा-अहवाल कर्लकडे मोठ्या संख्येने येऊ लागल्याची तक्रार स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये वारंवार केली. त्याच वेळी यंत्रे खरे दोषही शोधू लागली आहेत. दोष शोधणे स्वस्त झाले आणि तपासणे, दुरुस्त करणे महागच राहिले, तर शोधणाऱ्याने दुरुस्तीही सोबत द्यावी का, यावर एफएफएमपेग आणि गूगल यांच्यासारख्यांमध्ये मतभेद आहेत.

तिसरा प्रश्न वारशाचा. मेंटेनर दमला, आजारी पडला, निवर्तला, तर पुढे काय? एक्सझेडनंतर अनोळखी हाती सूत्रे द्यायची भीती वाढली आहे आणि ओळखीचे हात पुढे येत नाहीत. चौथा प्रश्न युरोपच्या कायद्याचा. विक्रेते खरोखर जबाबदारी घेतील, की त्या जबाबदारीची प्रश्नावली करून ती पुन्हा मेंटेनरकडेच धाडतील, हे २०२७ नंतर दिसेल.

आज वाद कुठे आहे

मतभेद बाजूला ठेवले तर काही गोष्टींवर बऱ्यापैकी सहमती दिसते. परवान्याने हमी नाकारली म्हणून अपेक्षा संपत नाहीत, आणि अपेक्षा आहे म्हणून हक्क होत नाही. प्रकल्पाने आपण काय करणार, काय नाही आणि कधीपर्यंत, हे लिहून ठेवणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे. त्या सॉफ्टवेअरवर ज्याचा धंदा चालतो त्याने देखभालीचा वाटा उचलायला हवा. पैशाने, माणसाने किंवा दुरुस्तीने. सुरक्षा हा वेगळा विषय आहे, तो एकट्या स्वयंसेवकाच्या सदिच्छेवर सोडता येत नाही. मतभेद उरतो तो वाटा कसा ठरवायचा आणि कोणी वसूल करायचा याबद्दल.

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या तळाशी माणसांच्या श्रमांची दखल घेण्याचा प्रश्न आहे. तो सोडवण्याची सुरुवात वापरणाऱ्याकडूनही होऊ शकते, आणि त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सॉफ्टवेअर निवडतानाच चार गोष्टी विचारून कागदावर घ्याव्यात : ही आवृत्ती कधीपर्यंत सांभाळली जाणार, अडले तर पहिला फोन कोणाला, त्या माणसाचे पैसे कोणत्या तरतुदीतून, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आपल्याकडे कोण बसवणार. ज्या महाविद्यालयात, कारखान्यात किंवा कार्यालयात या चार रकान्यांत नावे आणि आकडे भरलेले असतील, तिथे दूरदेशीच्या एखाद्या बिनपगारी मेंटेनरला चोवीस तासांची मुदत घालण्याची वेळ येणार नाही.